जुलैतला मिल लॅक्स : वॉलआय जातो कुठे आणि गळाला लावायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनियापोलिसला राहणारे तीन मित्र मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावर वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा धरायला जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात काठाजवळच्या खडकांवर, 8-10 फूट पाण्यात जळू लावून भरपूर मासे लागले. जुलैच्या मध्याला तीच जागा, तीच जळू, तीच भाड्याची 16 फुटी बोट आणि साधा सोनार, म्हणजे तळ आणि मासे दाखवणारे यंत्र. पण दिवसभरात चार-दोन पर्च आणि रॉक बास हे छोटे मासे सोडले तर हाती काही नाही. आमिष बदलावे, की रंग?

आधी जागा बदला आणि वेळ बदला. आमिषाचा विचार त्यानंतर.

जुलैत मासा उपाशी नसतो, हे धरून चाला. जूनच्या अखेरीला तळाच्या चिखलातून मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या वर येऊ लागतात आणि वॉलआय त्यांच्यावर तुटून पडतो. ते संपते न संपते तोच त्या वर्षीची पर्चची पिल्ले त्याच्या तोंडाजोगी झालेली असतात. समोर एवढे खाणे असताना तुमच्या जळूकडे तो दिवसातून थोडाच वेळ लक्ष देतो. शिवाय जूनमध्ये तो काठाजवळ गर्दीने असतो, जुलैत तलावभर पांगतो: काही मासे खडकांवर, काही पाणगवताच्या कडेला, काही चिखलाच्या पठारांवर, काही मधल्या मोकळ्या पाण्यात टुलिबी नावाच्या माशाच्या मागे.

आता तलावाचा आकार बघा, कारण बाकीचे सगळे त्यातून निघते. मिल लॅक्स सुमारे 1,32,000 एकरांचा, म्हणजे 200 चौरस मैलांहून मोठा आहे, पण सर्वांत खोल जागाही जेमतेम 42 फुटांची. एवढा उघडा पसारा आणि एवढी कमी खोली, त्यामुळे जोराचा वारा पाणी तळापर्यंत ढवळून काढतो. खोल तलावांत उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे दोन थर पडतात आणि मधल्या सीमेच्या आसपास मासे मिळतात. त्या तलावांसाठी दिलेला 'थर्मोक्लाइन (म्हणजे ही सीमा) शोधा' हा सल्ला इथे फारसा लागू पडत नाही. चार दिवस वारा पडला तर तळाचे पाणी थोडे गार राहते, एक वादळ आले की तो फरक पुसला जातो. म्हणून इथे मासा किती खोलीवर असेल ते तपमानापेक्षा उजेड, खाणे आणि वारा ठरवतात.

उजेडाची गोष्ट जास्त महत्त्वाची झाली आहे. वॉलआयच्या डोळ्यामागे उजेड परावर्तित करणारा पडदा असतो. अंधुक प्रकाशात त्याला पर्चपेक्षा चांगले दिसते आणि त्याची शिकार त्यावर उभी आहे. मिल लॅक्समध्ये 2005 साली झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले आणि ऊन खोलवर पोचू लागले. निवांत, निरभ्र दुपारी 8 फुटांतल्या खडकावर वॉलआय शोधणे म्हणजे वेळ दवडणे. त्याच खडकावर दिवसभर वारा आदळून लाटा फुटत असतील आणि आभाळ भरलेले असेल, तर मात्र भर दुपारीही मासा मिळतो.

तेव्हा दिवसाची आखणी अशी करा. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी साडेसातनंतर खडक. मधल्या वेळात चिखलाची पठारे किंवा, वारा चांगला असेल तर, पाणगवताची बाहेरची कड. आणि कुठल्याही जागेला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ फुकट देऊ नका. जुलैत लोक चुकीच्या आमिषापेक्षा एका जागेवरच्या हट्टाने जास्त वेळा रिकाम्या हाताने परततात.

पठारांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण नवखे लोक तिकडे जातच नाहीत. तलावाच्या उत्तरेकडच्या आणि मधल्या भागात तळातून उठलेले चिखलाचे मोठे उंचवटे आहेत. माथा साधारण 22 ते 28 फुटांवर आणि भोवतालचा तळ 30 ते 36 फुटांवर. सेव्हन माइल, नाइन माइल अशी त्यांची नावे नकाशावर दिसतात. मेफ्लायच्या अळ्या याच चिखलात वाढतात, म्हणून जून सरताना वॉलआय इथे येतो आणि जुलैत बरेच दिवस टिकतो. माथ्याच्या मधोमध गळ टाकू नका. मासा कडेवर असतो, त्यातही जिथे कड बाहेर जिभेसारखी निघते किंवा आत खाचेसारखी वळते तिथे. सोनार चालू ठेवून सावकाश कडेच्या आतबाहेर नागमोडी फिरा आणि खोली बदलते ती जागा जीपीएसवर खुणेने नोंदवत जा. चार-पाच खुणा जोडल्या की कडेचा आकार कळतो. सोनारवर मासा दिसला नाही म्हणून जागा सोडू नका, कारण तळाला चिकटलेला वॉलआय सोनारला तळापासून वेगळा दिसत नाही. उलट तळापासून पाच-सहा फूट वर तरंगणाऱ्या मोठ्या खुणा बहुधा टुलिबीच्या असतात.

या कडेवर जुने आणि खात्रीचे साधन म्हणजे लिंडी रिग, तळावरून सरकत जाणारी शिसे-गळाची जोडणी. मुख्य लाइनवर पाव औंसाचे सरकते चालते शिसे, वारा असेल तर तीन अष्टमांश औंसाचे. मग लहान स्विव्हल (फिरती कडी), त्याला 6 ते 8 पौंडांची फ्लुरोकार्बन लीडर (गळाआधीची वेगळी लाइन) आणि टोकाला 6 नंबरचा, गांडूळ असेल तर 4 नंबरचा गळ. लीडर जूनमध्ये 4 फुटांची चालते, जुलैच्या स्वच्छ पाण्यात 7-8 फुटांची ठेवा. जळू चोषकाच्या, म्हणजे रुंद टोकाच्या बाजूने एकदाच ओवायची. दोनदा ओवली तर ती गोळा होऊन बसते आणि गळाभोवती लीडर पिरगळते. चिखलावर एक अडचण हमखास येते: शिसे गाळात रुतते आणि जळूही गाळात घासत जाते, मग माशाला ती दिसतच नाही. गळापुढे एक छोटा तरंगता मणी घाला आणि शिसे सतत ओढत न नेता थोडे उचलत, थोडे टेकवत न्या. तळाचा फरक हाताला कळतो. चिखलावर रॉडचे टोक जड आणि संथ वाटते, खडीवर टकटक होते. चिखल संपून खडी सुरू होते ती रेषा सापडली तर तिथेच परत परत जा.

वेग अर्धा ते एक मैल प्रतितास, त्याहून जास्त नको. लाइन पाण्यात साधारण 45 अंशांत उतरली पाहिजे. ती आडवी पडायला लागली तर एकतर बोट जास्त वेगात आहे किंवा शिसे हलके आहे. भाड्याच्या बोटीला बहुधा इलेक्ट्रिक मोटर नसते. तेव्हा हँडलची मोटर रिव्हर्समध्ये टाकून बोटीचा मागचा भाग वाऱ्याकडे करा आणि उलटी चालवा. बोट चपट्या बाजूने पाणी कापते, म्हणून वेग आपोआप कमी राहतो आणि कड धरून चालणे सोपे जाते. लाटा मागच्या फळीवरून आत यायला लागल्या की हा प्रकार थांबवायचा. मग वाऱ्यावर बोट सोडून द्या आणि तिच्या बाजूला ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी पिशवी, बांधा. ती नसेल तर वाहण्याचा वेग दीड मैलावर जातो आणि लिंडी रिगचा उपयोग संपतो.

संध्याकाळच्या खडकांसाठी सरकता बॉबर, म्हणजे लाइनवर सरकणारा तरंगता फुगा. जोडणीचा क्रम चुकला तर सगळे बिघडते, म्हणून क्रमाने सांगतो: लाइनवर आधी दोऱ्याची अडथळा-गाठ, मग बारीक मणी, मग सरकता बॉबर, मग अष्टमांश औंसाचे शिसे, मग स्विव्हल, दीड ते दोन फूट लीडर आणि शेवटी 6 नंबरचा गळ किंवा एक षोडशांश औंसाची जिग (शिशाचे डोके असलेला गळ). मुख्य लाइन 8 पौंडांची मोनो, म्हणजे एकाच धाग्याची, ठेवा. बारीक ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या लाइनवर, दोऱ्याची गाठ सरकते आणि तासाभरात तुमचे आमिष दोन फूट खाली जाऊन खडकात बसलेले असते. खोली ठरवताना गळाला एक जड वजन अडकवून खाली सोडा. बॉबर पाण्याखाली ओढला गेला तर वजन तळाला पोचलेले नाही, गाठ वर सरकवा. बॉबर आडवा पडला तर गाठ खाली घ्या. तळ सापडला की आमिष त्याच्या एक फूट वर राहील असे करा. वॉलआयचे डोळे वरच्या बाजूला बघतात, त्याच्या डोक्यावर असलेले आमिष तो घेतो, पोटाखालचे सहसा घेत नाही.

बॉबरचे वजनही जुळवायचे असते. आमिष आणि शिशासह तो इतका बुडाला पाहिजे की फक्त रंगीत टोक वर दिसेल. मोठा, फुगीर बॉबर खाली ओढताना माशाला अडथळा लागतो आणि तो आमिष थुंकतो. बोट खडकाच्या वाऱ्याकडच्या बाजूला नांगरा आणि बॉबर वाऱ्याबरोबर खडकाच्या माथ्यावरून वाहू द्या. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट तरी सोडा, वारा वाढला तर सातपट. आखूड दोराने नांगर सरळ उचलला जातो, बोट घसरत खडकावर येते आणि तिथले मासे उधळतात.

बॉबर बुडाला की लगेच हिसका मारू नका, पण वाटही फार बघू नका. रीळ फिरवून ढिली लाइन गोळा करा, माशाचे वजन लागले की रॉड सावकाश पण लांब मागे ओढा. या सगळ्याला तीन-चार सेकंद लागतात आणि तेवढे पुरतात. लिंडी रिगवर 'दहा-पंधरा सेकंद लाइन सोडा, मासा नीट गिळू दे' असे जुने लोक शिकवतात. उन्हाळ्यात हा सल्ला मुळीच पाळू नका. का, ते पुढे येते आहे.

पाणगवतासाठी आणि नवी जागा पटकन धुंडाळण्यासाठी स्पिनर, म्हणजे आमिषापुढे फिरणारे पाते, उपयोगी आहे. बॉटम बाउन्सरला, म्हणजे तळावर टेकत जाणाऱ्या तारेच्या शिशाला, दर 10 फूट खोलीमागे साधारण एक औंस वजन, त्यामागे साडेतीन-चार फुटांची लीडर, तीन किंवा चार नंबरचे पाते आणि अर्धे गांडूळ. पूर्ण गांडूळ लावले तर पर्च त्याची शेपटी कुरतडत राहतात. वेग एक ते दीड मैल. त्याहून कमी झाला की पाते फिरणे थांबते, म्हणून पाण्यात सोडताना बोटीशेजारी एकदा ते फिरते आहे याची खात्री करा. गवताची एक काडी अडकली तरी पाते बंद पडते आणि तुम्ही तासभर मेलेले आमिष ओढत बसता. स्वच्छ पाण्यात, उन्हात चंदेरी, आभाळ भरलेले असताना सोनेरी पाते. रंगाबद्दल यापेक्षा जास्त विचार करायची गरज नाही. बोट वळवताना मात्र लक्ष ठेवा: वळणाच्या बाहेरच्या बाजूचा रॉड वेगात जातो, आतला मंदावतो. मासा ज्या रॉडला लागला त्यावरून वेग वाढवायचा की कमी करायचा ते कळते.

जळू बोटीवर उन्हात ठेवली की दुपारपर्यंत मरते. डबा बर्फाच्या कूलरमध्ये ठेवा आणि पाणी घरून आणलेले, क्लोरीन नसलेले वापरा. जुलैच्या उत्तरार्धात चांगल्या जळवा दुकानांत कमी मिळतात, तेव्हा गांडुळांवर या.

आता गरम पाण्यात सोडलेल्या माशाची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. मिल लॅक्सवर आकारमर्यादेमुळे पकडलेल्या माशांपैकी बरेच परत सोडावे लागतात. सोडलेला मासा जगतोच असे नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने, म्हणजे डीएनआरने, याच तलावावर अभ्यास केला आणि पाणी गरम होत जाते तसे सोडलेल्या वॉलआयच्या मरणाचे प्रमाण वाढते असे आढळले. कारण साधे आहे: गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि माशाची गरज जास्त. झुंजीत त्याच्या स्नायूंवर आलेला ताण भरून निघायला गार पाण्यात जेवढा वेळ लागतो त्याहून गरम पाण्यात खूप जास्त लागतो, आणि तेवढा तो टिकत नाही. हातातून पोहून गेला म्हणजे वाचला, असे नव्हे.

या मरणाचा हिशेब शासनही ठेवते. ओजिब्वे या मूलनिवासी लोकांचे 1837 च्या करारातले मासेमारीचे हक्क 1999 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, तेव्हापासून या तलावातला वॉलआयचा वार्षिक वाटा राज्य आणि ओजिब्वे लोकांचे आठ समुदाय यांच्यात वाटला जातो. राज्याच्या वाट्यात नेलेल्या माशांबरोबर सोडून मेलेल्या माशांचा अंदाजही धरतात. म्हणूनच 2017 आणि 2020 च्या जुलैत इथे वॉलआयची मासेमारी बंद ठेवावी लागली होती. निघायच्या आदल्या दिवशी डीएनआरच्या संकेतस्थळावर मिल लॅक्सचे त्या वर्षीचे नियम वाचा. किती मासे, किती इंचांचे, रात्री परवानगी आहे की नाही, हे दरवर्षी आणि कधी हंगामाच्या मध्येही बदलते. मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

पाण्यात उतरल्यावर तुमच्या हातात असते ते असे. मासा घाईने वर आणा, बारीक लाइनवर खेळवत बसू नका. गाठी नसलेले रबरी जाळे वापरा आणि हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. लांब चोचीची पक्कड, ओली मोजपट्टी आणि कॅमेरा जाळे टाकायच्या आधी हाताशी हवेत. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, शक्य तितकी जवळ लाइन कापून सोडा. वर सांगितलेला लवकर हिसका याचसाठी. गळ ओठात लागला तर पाच सेकंदांत सुटतो. मोठ्या माशाला कल्ल्यात किंवा डोळ्यांत बोटे घालून उचलू नका. 30 फुटांहून खोल पाण्यातून झटक्याने वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, तेव्हा त्या खोलीवर, विशेषतः सोडायचेच मासे धरायचे असतील तर, गळ टाकू नये.

पृष्ठभागाचे तपमान 75 अंश फॅरनहाइटच्या वर गेले, म्हणजे साधारण 24 अंश सेल्सिअस, तर दिवसाचा बेतच बदला. पहाटे वॉलआयचे दोन-तीन तास करा आणि मग स्मॉलमाउथ बास या दुसऱ्या माशाकडे वळा. या बाबतीत हा तलाव कमी नाही, 2017 साली बासमास्टर मासिकाने त्याला देशात पहिले स्थान दिले होते. 8 ते 18 फुटांतल्या मोठ्या दगडांवर ट्यूब (पोकळ रबरी आमिष) किंवा ड्रॉप शॉट (गळाखाली शिसे असलेली जोडणी), आणि जिवंत आमिष नको, म्हणजे गळ घशात जायची भीती कमी. ज्या वॉलआयला न्यायची परवानगी आहे तो मिळाला तर तो सोडून आणखी मोठ्याच्या मागे धावू नका. तो घ्या.

घेतलेला मासा लाइव्हवेलच्या, म्हणजे बोटीतल्या टाकीच्या, कोमट पाण्यात किंवा दोरीला बांधून ठेवू नका, त्याचे मांस मऊ पडते. मोजून लगेच बर्फात घाला. लांबी मोजताना तोंड बंद आणि शेपटीची दोन्ही टोके जवळ दाबलेली हवीत. तलावावर असेपर्यंत तो अख्खा ठेवा, तुकडे किनाऱ्यावर आल्यावर. वॉलआयचे मांस पांढरे आणि कमी तेलाचे असते, त्यामुळे हळद-तिखट-कोकम लावून रव्यात घोळवून तव्यावर फार छान होते. आपल्याकडच्या बांगड्यासारखा जास्त वेळ तळू नका, तो कोरडा पडतो. नॉर्दर्न पाइक हा मासा मिळाला तर त्यातले वाय आकाराचे काटे काढायला शिकावे लागते, वॉलआयला ती कटकट नाही. पाऱ्याच्या कारणाने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी कुठला मासा किती खावा, याची सूची राज्याचा आरोग्य विभाग देतो. ती बघून घ्या.

वाऱ्याबद्दल एक इशारा. उथळ आणि उघडा तलाव असल्याने लाटा आखूड आणि उभ्या उठतात, त्याही फार लवकर. 16 फुटी बोटीला ताशी 15 मैलांचा वारा पुष्कळ झाला. पठारे काठापासून कित्येक मैल लांब आहेत, तेव्हा दुपारी गडगडाटाचा अंदाज असेल तर त्या दिवशी तिकडे जाऊच नका आणि वाऱ्याच्या आडोशाचा काठ धरा. दहा वर्षांखालील मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे, मोठ्यांनीही घालावे. दक्षिणेकडे हेनेपिन आणि स्पिरिट ही दोन चिमुकली बेटे पक्ष्यांचे राखीव क्षेत्र आहेत, कॉमन टर्न पक्षी तिथे घरटी करतात. त्यांच्यापासून लांब राहा.

परवाना 16 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो. मोकळ्या पाण्यात माणशी एकच लाइन चालते, म्हणजे एक बॉबर सोडून दुसरा रॉड हातात धरणे बेकायदा आहे. आणि बोट पाण्याबाहेर काढताना तळाचे बूच काढून सगळे पाणी सोडा, गवत उपटून टाका, आमिषाच्या डब्यातले तलावाचे पाणी जमिनीवर ओता. उरलेल्या जळवा घरी न्यायच्या असतील तर क्लोरीन घालवलेल्या नळाच्या किंवा बाटलीच्या पाण्यात न्या, नको असतील तर कचऱ्यात टाका, तलावात कधीही नाही. मिल लॅक्समधून झेब्रा शिंपल्यांची अळी दुसऱ्या तलावात जायला बादलीभर पाणी पुरते.